मदत हवी आहे: गप्पी दिवसांत आली आहे, हलवू की तिथेच ठेवू?

नमस्कार मंडळी,

माझ्या 2 फुटी टाकीत 6 गप्पी मासे आहेत, 2 नर आणि 4 माद्या. त्यातली पिवळ्या शेपटीची मादी आज-उद्यात पिल्लं देईल असं वाटतंय. पोट खालून चौकोनी झालंय, शेपटीकडचा डाग काळाभोर आहे आणि काल टॉर्च धरला तर त्यात पिल्लांचे डोळे बारीक ठिपक्यांसारखे दिसले. सकाळपासून ती हीटरमागे एकटीच थांबली आहे. दाणा तोंडात घेते आणि टाकून देते.

मागच्या खेपेला तिला जाळीच्या डब्यात ठेवलं होतं. रात्रभर बिचारी जाळीवर धडका देत होती. सकाळी 11 पिल्लं, त्यातली 4 मेलेली. फार वाईट वाटलं, म्हणून आता डबा नकोच. पण मोठ्या टाकीत बाकीचे मासे, आणि ती स्वतःसुद्धा, पिल्लं गिळतात.

20 लिटरचा टब तयार ठेवलाय: टाकीतलंच पाणी, 26 अंश, जावा मॉसचा (पिल्लांना लपायला दाट पाणवनस्पती) मोठा पुंजका आणि महिनाभर मोठ्या टाकीत चाललेला स्पंज फिल्टर. इतक्या शेवटी हलवलं तर ताणाने अपुऱ्या दिवसांची पिल्लं पडतील का? की आहे तिथेच मॉस दाट करू?

दुसरं, पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक दिला की पाणी लगेच गढूळ होतं. घरी आर्टेमिया (पिल्लांना खायला द्यायचे बारीक कोळंबीसारखे जीव) अंड्यांतून काढणाऱ्यांनी एका लिटरला मीठ किती घालता ते कृपया सांगा. उत्तर आज रात्रीपर्यंत मिळालं तर फार उपकार होतील.