झिजलेलं, पोचे आलेलं, गंजलेलं: तुम्ही काय रंगवलंत?

माळ्यावरून आजीचा तांब्याचा बंब खाली काढला, तेव्हा आई चिंच-मीठ घेऊन घासायलाच बसत होती. म्हटलं, आठ दिवस थांब, आधी रंगवते. अंगभर पोचे, वर काजळी, तोटीखाली हिरवा कळंक. पहिले तीन कागद वाया गेले, कारण मी सगळा बंब नुसता तपकिरी रंगवत होते. चौथ्या दिवशी नीट बघितलं, तर तांब्यावर खिडकीतल्या आभाळाचा निळा उतरला होता आणि काजळी काळी नव्हतीच. बर्न्ट सिएना या लालसर तपकिरी रंगात अल्ट्रामरीन निळा मिसळला आणि ती साधली. काळ्या रंगाला हातही लावला नाही. तोटीची मूठ एकाच बाजूनं झिजलीय. तिची सावली रंगवताना आठवलं, आजी डावखुरी होती.

तुम्ही असं काय रंगवलंय? चित्र कसं का असेना, वस्तूबद्दल सांगा.

*

मी अ‍ॅम्स्टरडॅमला असते. व्हॅन गॉगनं १८८६ मध्ये रंगवलेला जुन्या बुटांचा जोड इथल्या संग्रहालयात आहे. त्याच्यासमोर उभी असताना मला बाबांच्या कोल्हापुरी चपला दिसायला लागल्या. सुट्टीत घरी गेल्यावर त्याच मागून घेतल्या. अंगठ्याचा आणि टाचेचा काळा ठसा, एक अंगठा दोनदा शिवलेला. बाबा म्हणत होते, "अगं, नव्या आहेत की, त्या काढ." चित्र पूर्ण झालं तेव्हा बाबा बराच वेळ बघत राहिले. मग भिंतीवर खिळा त्यांनीच ठोकला.

*

आमच्याकडे रत्नागिरीत जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. चिऱ्यांना मी गेरूच वापरतो. दोघांचा लाल रंग लोहाचाच, त्यामुळे जुळतो छान. भोकांसाठी जवळजवळ कोरडा ब्रश कागदावरून नुसता फिरवायचा. शेवाळ मात्र पावसातच बघावं, आणि तेव्हा जलरंग वाळता वाळत नाही!

*

मी कधीच चित्र काढलेलं नाही. हे वाचून कल्हई उडालेलं पातेलं पेन्सिलीनं काढलं. तोंडाचा लंबगोल काही केल्या जमेना.

*

पातेल्याचं तोंड डोळ्यांच्या रेषेत आणा, नुसती आडवी रेघ दिसेल. मग हळूहळू खाली न्या, लंबगोल उघडत जाईल. दोन्ही टोकं अणकुचीदार नकोत, तिथेही काठ वळतोच. उद्या पुन्हा काढा. आणि तोवर कल्हई करून आणू नका!