कर्णबधिर मुलांना मोटर वायंडिंग: फोनवरचं एआर कितपत उपयोगी?

निदेशक_सांगली: नमस्कार मंडळी. कर्णबधिर मुलांना वायंडिंग, म्हणजे मोटरमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी (कॉइल) बसवणं, शिकवतो. ऐकणारा पोरगा कॉइल बसवता बसवता माझं ऐकतो. या मुलांना माझ्या खुणा बघायला काम थांबवून मान वर करावी लागते. मान खाली गेली की कुठल्या स्लॉटपर्यंत (खाचेपर्यंत) आलो होतो तेच हुकतं. ३६ स्लॉटचा, ४ पोलचा (चुंबकीय ध्रुवांचा) थ्री फेज स्टेटर, म्हणजे कॉइल बसतात तो मोटरचा गोल गाभा, आहे. पूर्ण पिचला (पिच म्हणजे कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर) १ मधली कॉइल १० मध्ये, फेज सुरू १, ७ आणि १३ वर. फळ्यावर आकृती सपाट, स्टेटर गोल, वर हातात फिरतो. एआरनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चित्र चढवून, स्टेटरवरच तिन्ही फेजचे लाल-पिवळा-निळा रंग दाखवता येतील का? जवळ दोन जुने अँड्रॉइड फोन आहेत. एआरच्या चष्म्यांच्या किमती बघून ते पान बंद केलं.

कोडवाला_पुणे: येईल. सगळे स्लॉट सारखेच, त्यामुळे पहिला कुठला ते कॅमेऱ्याला कळणार नाही. छापील मार्कर (कॅमेरा ओळखेल अशी चित्रं) स्टेटरच्या बॉडीवरच चिकटवा, म्हणजे स्टेटर फिरला की रंगही फिरतील. हाताखाली एखादा झाकला जाणारच, म्हणून कडेनं तीन-चार लावा. ब्राउझरमध्ये एआर.जेएस या तयार कोडवर भागेल. फोन स्टँडवर, दोन्ही हात मोकळे.

तांब्याची_तार: सर, मी कर्णबधिर आहे, कोल्हापुरात रिवायंडिंगच्या दुकानात कामाला. रंग दाखवा, पण स्क्रीनवर मराठी ओळी भरू नका. मला आईनं रोज पेपर वाचायला बसवलं म्हणून हे लिहितोय. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना लांब वाक्य जड जायचं. खुणांच्या भाषेचं व्याकरणच वेगळं. तुमचाच व्हिडिओ टाका, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. आणि तो आपोआप पुढे पळायला नको. मी वेढे मोजत असताना कोपऱ्यात काही हललं की आकडा गेलाच! वादक पानं उलटायला ब्लूटूथ पेडल वापरतात, तसलं पायाखाली द्या.

दोन-तीन स्टेटर झाले की रंग बंद करा. दुकानात येते ती जळकी मोटर. तोडण्याआधी पिच, वेढे, तारेचा गेज (जाडी), कनेक्शन सगळं त्या काळ्या गुंत्यातून उतरवून घ्यायचं असतं, तिथे कुठलं ॲप येणार? नवं वायंडिंग झालं की शेठ मोटर चालू करून कान लावतात. मी तळहात ठेवतो आणि तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट बघतो, जवळपास सारखा हवा. हे मुलांना पहिल्या महिन्यातच दाखवा.

खुणांची_ताई: दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ मध्येच १०,००० शब्द झाले होते, तांत्रिकही. आधी तिथे शोधा. नाही सापडलं तर मुलांनाच विचारा, त्यांनी खूण ठरवलेली असते.

निदेशक_सांगली: पाचर ठोकायची खूण त्यांनी केव्हाच केली आहे, मला कालच कळली! पेडल मागवतो. तारवाले, दुकानात न तोडलेली एखादी जळकी मोटर मिळेल का? टेम्पोभाडं माझं.