तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी कपाट करतेय, पुस्तकं कशी निवडू?

पूर्वभाग_ग्रंथपाल

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी ११ वर्षं ग्रंथपाल आहे. आमच्या एका जुन्या सभासदांनी वडिलांच्या स्मरणार्थ २०,००० रुपये दिलेत. अट एकच, पुस्तकं तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी घ्यायची.

आमच्याकडे बालविभाग आहे, मोठ्यांच्या कादंबऱ्या आहेत, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत. मधल्या वयाला काहीच नाही. नववीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीपासून येते. आई विड्या वळते, ही पानं कापून देते आणि दुपारी तीनला आमच्याकडे हजर होते. दोन महिन्यांत बालविभाग वाचून संपवला. परवा म्हणाली, "मॅडम, हे सगळं लहान पोरांचं आहे की ओ. अन् तिकडचं लई मोठ्यांचं." मला उत्तर सुचलं नाही.

दहावीतल्या एकाने विचारलं, चार हुतात्मा पुतळ्यातले चौघं कोण? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० सालचा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, हे मी तोंडी सांगितलं. त्याला वाचायला हवं होतं. मी एक जाडजूड संदर्भग्रंथ काढून दिला. त्याने दोन पानं उलटली आणि दोन्ही हातांनी उचलून परत माझ्या टेबलावर ठेवला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता एक विक्रेता 'थोरांची चरित्रे' असा १०० पुस्तकांचा संच घेऊन आलाय. कार्यकारिणीला तो पसंत आहे, एका बिलात काम होतं. मला तो नकोय. शिवाय आमची निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. मग पुस्तकं कोणत्या भाषेत घ्यायची?

निवृत्त_बार्शीकर

ताई, संच अजिबात घेऊ नका. मी एकदा घेतला होता. निवृत्त होताना एकेक पुस्तक उघडून पाहिलं, मागच्या तारखेच्या कागदावर एकही शिक्का नव्हता. कागद तसाच पिवळा पडला होता. वाईट वाटलं.

सगळे पैसे एकदम खर्च करू नका. पहिल्यांदा सहा-सात हजारांची घ्या, तीन महिने काय बाहेर जातं ते बघा, मग पुढची खरेदी. जे मागतात त्याच्या दोन प्रती. निवडीसाठी साहित्य अकादमीचे बाल साहित्य पुरस्कार बघा, २०१० पासूनची यादी आहे, मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दूचीही. २०११ पासूनचा युवा पुरस्कार मात्र तरुण लेखकांसाठी आहे, तरुण वाचकांसाठी नव्हे. त्या युवा यादीतलं प्रत्येक पुस्तक स्वतः वाचूनच घ्या. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंकही विसरू नका, ते १९७१ पासून निघतंय.

आणि कपाटाला कुलूप नको. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली लिहून ठेवलंय, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. जागा नसेल तर फाटकी, कालबाह्य पुस्तकं निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाका. रीतसर ठराव करून, नाहीतर तपासणीला अडचण येते.

अशोकचौक_२२

मी घरी तेलुगू बोलतो, पण मला तेलुगू वाचता येत नाही. शाळा मराठी माध्यमाची. माझे सगळे मित्र असेच. त्यामुळे तेलुगू पुस्तकं घेण्याआधी दहा मुलांना एक पान वाचायला लावा मॅडम. आईबाबांच्या भाषेचा मान राखायचा म्हणून घेतलीत तर ती पडून राहतील आणि मग "मुलं वाचत नाहीत" असं म्हणतील.

मला चौदाव्या वर्षी काय हवं होतं सांगू? भुताच्या गोष्टी. क्रिकेट. मोटार कशी चालते. आणि एखादा मुलगा, ज्याच्या घरात रात्रभर माग चालतो आणि त्याला त्याच आवाजात अभ्यास करायचाय. असं पुस्तक मला कधी सापडलं नाही.

कपाट वर्तमानपत्राच्या टेबलाजवळ ठेवू नका. तिथे बसलेले आजोबा "कुठल्या शाळेत रे, किती टक्के" विचारतात, म्हणून मी यायचं सोडलं होतं.

उर्दूशाळा_शिक्षिका

वरच्या दादांचं तेलुगूबद्दल खरं आहे, पण उर्दूचं तसं नाही. आमची मुलं उर्दू माध्यमात शिकतात, सफाईने वाचतात आणि सार्वजनिक वाचनालयात त्यांना स्वतःचं एक पुस्तक दिसत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. १५ आणलीत तरी मी वर्ग घेऊन येईन. अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांतली मुलं येत असतील तर त्यांनाही विचारा.

दुसरं, पाळी, शरीरातले बदल, मनावरचा ताण, यावरची चांगली पुस्तकं घ्याच. मुली ती नाव लिहून घरी नेत नाहीत. तिथेच बसून वाचू द्या, नोंद मागू नका. कोणी आक्षेप घेतला तर काय उत्तर द्यायचं, ते आधीच एका पानावर लिहून कार्यकारिणीची सही घ्या. आक्षेप आल्यावर लिहायला बसलं की माणसं घाबरून पुस्तक काढून टाकतात.

पूर्वभाग_ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बैठक झाली. संचाला नकार दिला, पहिल्या खेपेला ७,००० मंजूर झाले. कपाट खिडकीपाशी, जिन्याच्या बाजूला हलवतेय, टेबलापासून लांब. शिक्षिकाताई, उर्दूची १५ नक्की, तुम्हीच निवडून द्या. आक्षेपांच्या उत्तराचं पान लिहितेय, सही अजून व्हायचीय. दोघांनी "पाळीवरची पुस्तकं कशाला" म्हटलंय, त्यांच्याशी मी घरी जाऊन बोलणार आहे.

तेलुगूची परीक्षा काल घेतली. बारा जणांत एकीलाच वाचता आलं, तिला आजीने शिकवलंय. तिच्यासाठी दोन पुस्तकं घेईन.

कपाटाजवळ वही लटकवलीय, काय हवं ते लिहा म्हणून. पानं कापणाऱ्या मुलीने पहिलं लिहिलं: "भुताची, पण खरी वाटणारी. मुलगी पाहिजे त्यात." बार्शीकर काका, निर्लेखनाच्या ठरावाचा मसुदा असेल तर पाठवाल का?