बँकॉकमध्ये एक शनिवार, सोबत शाकाहारी आई, प्लॅन जमेल का?

मंडळी मदत हवी आहे. बँकॉकमध्ये शनिवारचा अख्खा दिवस आहे, सोबत आई-बाबा आणि लेक. सकाळी ८.३० ला ग्रँड पॅलेस उघडला की आत शिरायचं, मग वाट फो मंदिर, तिथला ४६ मीटर लांब निजलेला बुद्ध आईला बघायचाच आहे, आणि दुपारी चाटुचाक मार्केट. उन्हात तिच्या गुडघ्यांना एवढं झेपेल का, की मार्केट रविवारवर ढकलू?

खरी काळजी जेवणाची, आई पक्की शाकाहारी आणि तिकडे सोम तमपासून (कच्च्या पपईचं सॅलड) करी पेस्टपर्यंत फिश सॉस, सुकी कोळंबी नाहीतर कोळंबीची पेस्ट बहुतेक असतेच. पिवळ्या झेंड्याचे 'जे' (म्हणजे शुद्ध शाकाहारी) स्टॉल चालतील ना? नुसत्या मँगो स्टिकी राइसवर तिला ठेवायचं नाहीये, नीट थाई जेवण खाऊ घालायचंय. वाट फोच्या आसपास कुठे जेवलात ते प्लीज सांगा.