भाषाविज्ञानाची पदवी, शैक्षणिक कर्ज आणि नंतरचे उत्पन्न: हिशेब कसा मांडावा?

प्रश्न (अनुस्वार)

मी पदवीच्या अखेरच्या वर्षात असून पुढील दोन वर्षे भाषाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असा विचार आहे. स्वनविज्ञान, म्हणजे बोलण्यातील ध्वनींचा अभ्यास, हा विशेष आवडीचा विषय आहे आणि जमल्यास पुढे संशोधनही करायचे आहे. शुल्क आणि राहण्याचा खर्च यांचा मोठा भाग कर्ज काढूनच भागवावा लागेल. घरून विरोध नाही. मात्र हप्ते कशातून फेडणार, या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याजवळ ठोस उत्तर नाही. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर माजी विद्यार्थ्यांच्या वेतनाची सरासरी दिलेली असते, ती दिलासा देणारी वाटते. पण तिच्यावर कितपत विसंबावे? "आवड असेल तर शिक, पैसा मागून येतो" आणि "त्यापेक्षा संगणकशास्त्र घे" हे दोन्ही सल्ले भरपूर ऐकून झाले आहेत. ते वगळून कोणी हिशेबाची रीत सांगितली तर आभारी राहीन.

प्रतिसाद १ (तळटीप)

सरासरीवर अजिबात विसंबू नका. भाषाविज्ञानाचे वर्ग लहान असतात, आणि लहान वर्गातील एकदोन जण मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत लागले की संपूर्ण वर्गाची सरासरी वर जाते, जरी उरलेले सारे तुटपुंज्या मानधनावर काम करीत असले तरी. शिवाय अशा पाहण्यांना उत्तर देतात ते बहुधा ज्यांचे बरे चालले आहे तेच. अमेरिकेत सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या संकेतस्थळावर अभ्यासक्रमवार कर्ज आणि उत्पन्न यांचे आकडे मिळतात, पण विद्यार्थीसंख्या कमी असेल तर खासगीपणा जपण्यासाठी ते झाकले जातात, आणि त्यात केवळ केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेतलेलेच विद्यार्थी मोजलेले असतात. म्हणजे चांगल्या सरकारी आकडेवारीतही आपला विषय निसटण्याची शक्यता बरीच.

त्यापेक्षा विभागाला पत्र लिहून विचारा की, गेल्या काही तुकड्यांतील प्रत्येक विद्यार्थी सध्या काय करतो. निवडक यशोगाथा नव्हे, सर्वांची यादी मागा. ज्या विभागाकडे अशी यादीच नाही, त्याच्या जाहिरातीतील वेतनाला मी तरी फारसे महत्त्व देणार नाही.

प्रतिसाद २ (वजाबाकी)

रीत विचारली आहे म्हणून आकडे मांडतो. कर्जातील प्रत्येक १ लाखासाठी, वार्षिक १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे १,३२२ येतो. पण शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी बहुतेक कर्जांवर व्याज चढतच असते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नोकरी शोधण्यासाठी सहा महिन्यांची सवलत धरली आणि संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असे मानले, तर केवळ सरळव्याजाने त्या १ लाखाचे १ लाख २५ हजार होतात, हप्ता सुमारे १,६५२ वर जातो आणि फेड पूर्ण होईपर्यंत जवळजवळ १ लाख ९८ हजार भरलेले असतात. शुल्क टप्प्याटप्प्याने उचलले तर हा बोजा काहीसा कमी होतो. शिकतानाच व्याज भरत राहिलात तर बराच कमी होतो.

आता हा हप्ता सरासरी वेतनाशी नव्हे, तर वेतनाच्या क्रमात खालच्या चौथ्या भागात असलेल्या माणसाच्या पहिल्या नोकरीशी ताडून पाहा. घरभाडे आणि जेवणखाण भागवून तो हप्ता देता येत असेल तर कर्ज पेलणारे आहे. येत नसेल तर नाही.

कर्जाचा प्रकारही तपासा, कारण माझ्या मते तो विषयाच्या निवडीइतकाच निर्णायक आहे. इंग्लंडमधील सरकारी पदव्युत्तर कर्जात वार्षिक २१,००० पौंडांवरील उत्पन्नाच्या ६ टक्केच कापले जातात आणि ३० वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. तेथे कमी पगाराची नोकरी म्हणजे थकबाकी नव्हे. ठरावीक हप्त्याचे बँक कर्ज मात्र तुम्ही शब्दकोशाचे काम करता की बेकार आहात, हे विचारीत नाही.

प्रतिसाद ३ (ओष्ठ्य)

वजाबाकी यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात उत्पन्नाची बाजू स्थिर धरली आहे, आणि या विषयात ती स्थिर नसते. भाषाविज्ञानाच्या पदवीला सहसा स्वतःचे असे पद नसते. सोबत दुसरे काय येते, त्यावर पगार ठरतो. तुमच्याच स्वनविज्ञानाचे उदाहरण घ्या. 'प्राट' या ध्वनिविश्लेषणाच्या मोफत संगणक प्रणालीत ध्वनिलेख उघडून स्वर कोठे संपतो आणि व्यंजन कोठे सुरू होते, याची रेघ हाताने मारणे प्रत्येक विद्यार्थी शिकतो. तेच काम हजारो ध्वनिफितींवर करणारी आज्ञावली लिहिता येणे, अशा रेघा मारणाऱ्या दोन व्यक्तींच्या खुणा कितपत जुळतात हे संख्याशास्त्राने दाखवता येणे, आणि वाक्-ओळख प्रणाली, म्हणजे बोलणे ऐकून त्याचा मजकूर करणारी प्रणाली, एखाद्या बोलीवर का अडखळते हे सांगता येणे, ही कौशल्ये असलेल्याला वाक्-तंत्रज्ञानात काम मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. ती शिकायला स्वतंत्र कर्ज लागत नाही, हे विशेष.

एक गैरसमज टाळा: वाचा-उपचारतज्ज्ञ होण्यासाठी त्या क्षेत्राचे स्वतंत्र चिकित्सालयीन शिक्षण, आणि अनेक देशांत नोंदणीही, लागते, भाषाविज्ञानाची पदवी त्याला पर्याय ठरत नाही.

राहिला प्रश्न संशोधनाचा. उत्तर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे शुल्क माफ असते, अध्यापनसाहाय्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळते, आणि काही विभाग पदवीनंतर थेट प्रवेशही देतात. पदव्युत्तर वर्गाला मात्र तेथे अशी मदत क्वचितच मिळते. तेव्हा संशोधन हेच ध्येय असेल, तर मोठे कर्ज काढून आधी पदव्युत्तर पदवी घेणे हा सर्वांत महागडा मार्ग ठरू शकतो. विद्यावेतन बेताचेच असते आणि प्राध्यापकाच्या कायम जागा फार थोड्या आहेत, हे समजून मगच अर्ज करा.

प्रतिसाद ४ (अनुस्वार)

तिघांचेही मनापासून आभार. विभागाला पत्र आजच पाठवते. थेट पीएचडीचा पर्याय मी विचारातच घेतला नव्हता. दोन्हीकडे अर्ज करून मदत कोठे मिळते ते पाहीन. बँकेने वडिलांना सहकर्जदार म्हणून सही करायला सांगितले आहे. ती केवळ औपचारिकता असते का?

प्रतिसाद ५ (वजाबाकी)

मुळीच नाही. सहकर्जदाराची जबाबदारी तुमच्याइतकीच असते. हप्ते थकले तर बँक त्यांच्याकडे वसुली करू शकते आणि त्यांची पतनोंदही बिघडते. वडिलांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत ते आधी पाहा, आणि फेडीची मुदत त्यापलीकडे जात असेल तर रक्कम कमी करता येते का, हे सही करण्यापूर्वी ठरवा.