१९६८ साली कुस्तीचा जगज्जेता नेमका कोण होता?

नौपाडाकर:
माझे वडील ८२ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात असताना पहिली पाळी संपवून, लोकलने दादर गाठून ते वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग यांच्या कुस्त्या पाहायला जात. २९ मे १९६८ रोजी दारासिंग यांनी मुंबईत अमेरिकन मल्ल लू थेझ यांना हरवले, त्या दिवशी मात्र दुसरी पाळी आल्यामुळे त्यांची ती कुस्ती हुकली. "दारासिंग जगज्जेता झाला तेव्हा मी लेथवर उभा होतो," असे ते अजून सांगतात. परवा माझ्या मुलाने मोबाइलवर पाहून सांगितले की त्या वर्षी जगज्जेता जीन किनिस्की होता. वडील काही बोलले नाहीत, अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठले. खरे काय ते जाणकारांनी सविस्तर सांगावे. मला त्यांना वाचून दाखवायचे आहे.

कोपरीचा वाचक:
दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. किनिस्की यांनी जानेवारी १९६६ मध्ये सेंट लुइसला खुद्द थेझ यांना हरवून नॅशनल रेसलिंग अलायन्सचा किताब घेतला आणि तो फेब्रुवारी १९६९ पर्यंत राखला. म्हणजे मुंबईत उतरलेले ५२ वर्षांचे थेझ त्या संघटनेचे माजी विजेते होते. पण त्याच मे महिन्यात मिनियापोलिसकडे व्हर्न गान्या आणि न्यूयॉर्ककडे ब्रुनो सॅमार्टिनो हेही जगज्जेते म्हणवून घेत होते. म्हणजे सर्वांनी मानलेला एकच जगज्जेता तेव्हा नव्हताच, त्यामुळे मुंबईकरांनी दारासिंग यांना जगज्जेता म्हटले तर ते चूक नाही.

याचे मूळ १९४८ मध्ये आहे. आयोवातील वॉटर्लू येथे काही प्रमोटर, म्हणजे कुस्त्यांची मैदाने भरवणारे, एकत्र आले आणि त्यांनी इलाखे वाटून घेतले. दुसऱ्याच्या इलाख्यात मैदान भरवायचे नाही आणि सर्वांनी मिळून एकच जगज्जेता मानायचा, असे ठरले. हा जगज्जेता गावोगाव फिरे, तिथल्या लाडक्या मल्लाशी तासभर झुंजे आणि पुष्कळदा कुस्ती बरोबरीत सुटे, त्यामुळे स्थानिक मल्लाची पत राही आणि जगज्जेत्याचा पट्टाही जागेवर राही. निकाल आधी ठरत असला, तरी ऐन वेळी कोणी शब्द फिरवला तर त्याला खरोखर दाबून ठेवील असाच माणूस विजेता म्हणून लागे, आणि थेझ नेमके तसे कसलेले मल्ल होते. पुढे प्रमोटरांचे फाटले. १९६० मध्ये मिनियापोलिसने वेगळी चूल मांडली. जानेवारी १९६३ मध्ये थेझ यांनी तेव्हाचे जगज्जेते बडी रॉजर्स यांना हरवले, ते न्यूयॉर्कने मानले नाही. त्यांनी रॉजर्स यांनाच आपला विजेता ठरवले आणि मे महिन्यात सॅमार्टिनो यांनी त्यांना अवघ्या ४८ सेकंदांत चीत केले.

साताऱ्याचा, मुक्काम कोपरखैरणे:
मी तालमीत वाढलो आहे. आमच्या वस्तादांना नुरा कुस्तीचे, म्हणजे आधी ठरवून केलेल्या कुस्तीचे, नावही खपत नसे, त्यामुळे या फ्रीस्टाइलबद्दल माझ्या मनात अढी होती. पण १९५४ चा रुस्तम-ए-हिंद किताब मिळवणाऱ्या दारासिंग यांच्या अंगातली कुस्ती खोटी म्हणण्याची माझी छाती नाही. आणि एकाच वेळी दोन विजेते, यात अमेरिकेला काय नावे ठेवायची? १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाल्या. फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे विजयी झाले. दोघांनीही घाम गाळला होता. वाद भरवणाऱ्यांचा होता.

कोपरीचा वाचक:
अगदी खरे. तिकडचे इलाखे मात्र टिकले नाहीत. १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहन यांनी वडिलांची न्यूयॉर्कची कुस्ती कंपनी विकत घेतली आणि केबल टीव्हीच्या जोरावर सगळ्यांच्या हद्दी ओलांडल्या. सेंट लुइस, डॅलस, पोर्टलंड येथली मैदाने पुढच्या दहाएक वर्षांत बंद पडली.

नौपाडाकर:
आज सकाळी वडिलांना सगळे वाचून दाखवले. किनिस्की-थेझ कुस्तीचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले आणि नातवाला हाक मारून म्हणाले, "किनिस्कीने ज्याला पाडला, त्यालाच दारासिंगने पाडला. लिहून ठेव." ३० मे १९६८ चे मराठी वर्तमानपत्र कोणाकडे जपलेले असेल तर कृपया कळवावे, मी ठाण्यातून कुठेही येऊन त्याचा फोटो काढून नेईन.