लिस्बनमध्ये तीन दिवस, सोबत शाकाहारी आई आणि तिचे गुडघे

सहलवही

ऑक्टोबरच्या मध्यात मी आणि आई लिस्बनला तीन पूर्ण दिवस असू. हॉटेल बायशा भागात, रोसियु चौकापासून पाच मिनिटांवर घेतलंय. आई ६८ वर्षांची, शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं, ताटात आमलेट दिसलेलं चालत नाही. मी मासे खाते, संध्याकाळी एखादा ग्लास वाईनही घेईन. आईचा उत्साह माझ्याहून दांडगा आहे, पण तिचे गुडघे चढ कसाबसा सोसतात, उतार अजिबात नाही. आणि हे शहर सात टेकड्यांवर वसलंय असं जिथे तिथे वाचतेय.

माझी यादी एकोणीस ठिकाणांवर गेली आहे. किल्ला, २८ नंबरची ट्राम, बेलेम, सिंट्रा, सांता जुस्ताची लिफ्ट, फादो म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, शिवाय चारपाच टेकड्यांवरून दिसणारी दृश्यं. यातलं काय खोडू? आणि तीन दिवस आईवर नुसतं पाव-चीज खायची वेळ येऊ नये. ती तीस वर्षं गाणं शिकवते आहे, त्यामुळे फादो मात्र काही झालं तरी ऐकवायचाच आहे.

डोंगरवाट

सिंट्रा खोडा. रोसियुहून ट्रेनने चाळीसएक मिनिटं लागतात, ते ठीक. पण पुढे पेनाच्या राजवाड्यापर्यंत चढ, बसची रांग, वेळ ठरवून घेतलेलं तिकीट आणि आत परत जिने. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. दुपारी दीडला ते एका बाकावर बसले आणि म्हणाले, तू बघून ये.

२८ च्या ट्राममध्ये माझं पाकीट गेलं. दांड्याला धरून उभा होतो, सॅक पाठीवर होती. सॅक पोटाशी घ्या. मार्तिम मोनिझच्या पहिल्या थांब्यावर सकाळी लवकर गेलात तरच बसायला जागा मिळेल.

नदीकाठ

मी लिस्बनला दोन वर्षं राहिले, ग्रासाच्या टेकडीवर, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या घरात. दुसऱ्या वर्षी माझी आई तीन आठवडे आली होती आणि तिचेही गुडघे असेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका दिवशी एकच टेकडी. आणि वर जाताना यंत्राने, खाली येतानाही यंत्राने. तिथल्या फुटपाथवर चुनखडीचे पांढरे-काळे छोटे दगड बसवलेले असतात. दिसतात सुरेख, पण वर्षानुवर्षं पावलांनी घासून गुळगुळीत झालेत, आणि सर आली की काचेसारखे निसरडे होतात. काकूंसाठी रबरी तळव्याचे बूट पाहिजेतच, चपला नकोत.

पहिला दिवस बायशातच घालवा, तो भाग सपाट आहे. तो सरळ रेघांचा का आहे हे काकूंना सांगा. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, सगळे लोक सणाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये असताना, भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. मग राजाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, याने हा भाग मोजून-आखून नव्याने उभा केला. भूकंपाचा घाव मात्र वर कार्मुच्या मठात राखून ठेवलाय. छप्पर कोसळलेलं, नुसत्या कमानी उभ्या, मध्ये आभाळ. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ बोलायला सुचलं नाही. रविवारी बंद असतो. तिथे जायला सांता जुस्ताच्या लिफ्टची रांग लावू नका. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचं एक दार खाली बायशात आहे, दुसरं वर शियादुत, मध्ये लांबच लांब सरकते जिने. वर निघालात की कार्मुपर्यंत थोडंच चालायचं. येताना त्याच वाटेने खाली.

रोसियुच्या कोपऱ्यावर साऊं दोमिंगुश चर्च आहे, तिथे मात्र नक्की शिरा. १९५९ च्या आगीत ते जळलं. छप्पर नवं घातलं, पण तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये झालेल्या ज्यू लोकांच्या कत्तलीचं स्मारक आहे. त्याच चौकात १८४० पासूनचं जिंजिन्याचं दुकान. हे आंबट चेरीचं गोड मद्य. दुकान म्हणजे एक गाळा, सगळे उभ्याने पितात. 'कों एलश' म्हणालात की ग्लासात चेरीही घालतात. छोटा ग्लास असतो, पण चढतो, तेव्हा जेवणानंतर घ्या.

दुसरा दिवस टेकडीचा, तोही सकाळचाच. फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. खरं सांगू का, किल्ल्याची तटबंदी म्हणजे उंचसखल दगडी पायऱ्या, काकूंना तिथे त्रासच होईल. त्यापेक्षा १२ किंवा २८ च्या ट्रामने पोर्ताश दु सोलला उतरा. अल्फामाची लाल कौलं आणि पलीकडे तेजु (टेगस) नदी, सगळं तिथूनच दिसतं. शेजारी सांता लुझियाच्या गच्चीवर निळ्या फरश्यांचं एक चित्र आहे, बायशाच्या टोकाचा नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता त्याचं. पहिल्या दिवशी तुम्ही तोच चौक पाहिलेला असेल. हे चित्र आधी पाहण्यापेक्षा नंतर पाहण्यात जास्त मजा आहे. दिवस मंगळवार किंवा शनिवार असेल तर २८ च्या ट्रामनेच पुढे साऊं व्हिसेंत द फोराला जा, मागच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. त्या मठात ला फोंतेनच्या बोधकथांची फरशीवरची चित्रं आहेत, कोल्हे, बगळे, सिंह. माझी आई तिथे तासभर रमली होती.

तिसरा दिवस बेलेम, सपाट आणि मोकळं. १५ नंबरची ट्राम. सोमवारी जेरोनिमुशचा मठ बंद असतो, तेवढं बघून वार ठरवा. वास्को द गामा आणि कवी कामोइंश यांच्या समाध्या त्या मठाच्याच चर्चमध्ये समोरासमोर आहेत. बेलेमच्या मनोऱ्याचं दुरुस्तीचं काम काढलं होतं, आधी चौकशी करा. बंद असला तरी वाईट वाटून घेऊ नका, आत अरुंद गोल जिना आहे आणि मनोरा बाहेरूनच देखणा दिसतो. मठाजवळचं पाश्तेइश द बेलेम हे दुकान १८३७ पासूनचं. बाहेर दिसणारी रांग बहुतेक वेळा बांधून नेणाऱ्यांची असते. सरळ आत जा, दालनामागून दालनं आहेत, टेबल मिळतं. कस्टर्डची ती गरम टार्ट, वरून दालचिनी आणि पिठीसाखर, सोबत 'बिका' म्हणजे तिथली कडक एस्प्रेसो. अंडं आहे, पण दिसत नाही!

आता काकूंचं जेवण. मेनूकार्ड वाचताना आपले शब्द उपयोगी पडतात, कारण ते तिथूनच आलेत. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू. मेनूत 'कोव्ह' दिसलं की ती कोबीच्या जातीची पालेभाजी. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि याच पाल्याचं सूप, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात आणि नुसती चकती काढून भागत नाही, रश्शालाही मांस लागलेलं असू शकतं. म्हणून 'सोपा द लेगुमिश' मागा आणि 'सें कार्न, सें पैश' म्हणा, मांस नको, मासे नको. 'पेइशीन्युश दा ओर्ता' वाचून घाबरू नका. नावाचा अर्थ 'बागेतले छोटे मासे', पण त्या पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा. आई ते नाव आठवून अजून हसते. टोमॅटोचा भात किंवा राजम्यासारख्या दाण्यांचा भात बऱ्याच साध्या खानावळींत माशांसोबत देतात, तो वेगळा मागितला तर मिळतो. चीज खाणार असाल तर अझैतांव किंवा सेरा दा इश्त्रेला मागा. मेंढीच्या दुधाचं, मऊ, चमच्याने खायचं. ते वासराच्या रेनेटने (त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) नाही, एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात. शाकाहारी माणसासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

बसल्या बसल्या पाव, लोणी, ऑलिव्ह समोर येतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, मग बिलात लावत नाहीत. एका ठिकाणी मी न खाल्लेल्या बशीचे साडेचार युरो लावले होते. बिल दाखवून बोलले, लगेच काढले.

सहलवही

नदीकाठ ताई, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. एकोणीसपैकी अकरा खोडली. फादोचं मात्र राहिलं. जेवणासकट जागा महागड्या दिसतायत, आणि आईला तिथलं जेवण चालेल का?

नदीकाठ

मुद्दाम मागे ठेवलं होतं. आधी दुपारी फादो संग्रहालयात जा. ते अल्फामाच्या पायथ्याशी आहे, चढ नाही. तिथे फादोची विख्यात गायिका आमालिया रॉड्रिगिश हिचा आवाज हेडफोन लावून नीट ऐकता येतो. पोर्तुगीज गिटारीला बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्या. गाणारी जिथे श्वास घेते तिथे ती गिटार बोलते. काकूंना हे शब्दांत सांगायची गरज पडणार नाही.

संध्याकाळी आजूबाजूच्या छोट्या जागांत दोन गोष्टी आधीच विचारा. किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोचं, खावं लागतं, आणि शाकाहारी काय मिळेल. बाकी जेवण हॉटेलशेजारी उरकून इथे फक्त सूप आणि वाईन घेतली तरी चालणाऱ्या जागा आहेत. 'व्हिन्यु व्हेर्द' घ्या. नाव हिरवी वाईन, पण हिरवा म्हणजे कोवळा, रंग नव्हे. दिवे मंद झाले की वाढपीसुद्धा थांबतात आणि बोलणं बंद. एका बाईंनी तीन गाणी म्हटली आणि माझ्या आईने आपोआप 'वा' म्हटलं, थोडं मोठ्याने. मी दचकले. गाणाऱ्या बाईंनी मान वळवून आईकडे पाहिलं, छातीला हात लावला आणि चौथं म्हटलं.

खमंग

थोडी भर. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं. तिथे शाकाहारी जेवण मिळतं. शहराच्या मध्यापासून लांब आहे, तेव्हा फोन करूनच मेट्रो पकडा.

आणि ऑक्टोबरात रस्त्याच्या कोपऱ्यावर धूर दिसला तर थांबा. भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागायला लागतात, मीठ लावून कागदाच्या पुडीत देतात. काकूंना पुडी हातात धरायला आवडेल, संध्याकाळी नदीवरून गार वारा येतो.